विंडो कधी दिसावी, कधी बंद व्हावी आणि प्रोग्राम कधी संपावा?

रिकामी_चौकट

मंडळी, विनफॉर्म्समधलं (विंडो बनवण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन; सी शार्प, डॉट नेट ८) नोंदी ठेवण्याचं एक अ‍ॅप्लिकेशन आहे. विंडो उघडण्या-मिटण्याचे चार प्रश्न अडलेत. एकाच धाग्यात विचारतो, कारण मला वाटतं चारही एकमेकांत गुंतलेले आहेत.

१. आधी लॉगिन विंडो, पासवर्ड बरोबर असेल तरच मुख्य विंडो. सध्या लॉगिनच्या बटणात मुख्य फॉर्मला शो आणि लॉगिनला हाइड असं लिहिलंय. मुख्य विंडो बंद केली तरी टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्राम चालूच दिसतो.

२. संगणक सुरू होताना अ‍ॅप नुसतं ट्रेमध्ये (टास्कबारवर घड्याळाशेजारी) बसावं, विंडो दिसू नये. लोड इव्हेंटमध्ये हाइड लिहिलं, काही फरक नाही.

३. फुलीवर क्लिक केलं की विंडो ट्रेमध्ये जावी. पण विंडोज बंद करताना याच कोडमुळे शटडाउन अडतं.

४. बंद होण्याआधी न साठवलेल्या नोंदी सर्व्हरवर पाठवायच्या आहेत. फॉर्मक्लोजिंगमध्ये (फॉर्म बंद होण्याआधी येणाऱ्या इव्हेंटमध्ये) अवेट (थ्रेड न अडवता काम होण्याची वाट बघणं) वापरलं आणि नंतर ई.कॅन्सल ट्रू केलं, तरी फॉर्म बंद होतोच.

---

कळफलक

चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे. तीन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट 'विंडो उघडी आहे' म्हणतो:

अ) विंडो पडद्यावर दिसते आहे का. हे शो, हाइड आणि व्हिजिबल ठरवतात.
आ) विंडो अस्तित्वात आहे का, म्हणजे तिचं हँडल (विंडोजने तिला दिलेली ओळखखूण) आणि मेमरीतला ऑब्जेक्ट जिवंत आहे का. हे क्लोज, डिस्पोज आणि डिस्ट्रॉयविंडो ठरवतात.
इ) प्रोग्राम चालू आहे का, म्हणजे मेसेज लूप (विंडोजकडून येणारे मेसेज एकामागून एक उचलणारं चक्र) फिरतो आहे का.

हाइड फक्त (अ) बदलतं. तुमच्या पहिल्या प्रश्नात लॉगिन फॉर्म लपलाय, पण (आ) आणि (इ) जागच्या जागी आहेत. अ‍ॅप्लिकेशन.रनला लॉगिन फॉर्म दिला असेल, तर लूप त्याच फॉर्मच्या मरणाची वाट बघत बसतो. तो फॉर्म आता कुणाला दिसत नाही, त्यामुळे कुणी बंदही करत नाही.

खाली विंडोजमध्ये काय घडतं तेही बघा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फुली दाबली की विंडोला डब्ल्यूएम_क्लोज मेसेज येतो. ही नुसती विनंती असते. तुम्ही काहीच केलं नाहीत तर डिफविंडोप्रॉक स्वतः डिस्ट्रॉयविंडो बोलावतं. मग डब्ल्यूएम_डिस्ट्रॉय येतो आणि सगळ्यात शेवटी डब्ल्यूएम_एनसीडिस्ट्रॉय. यात कुठेही प्रोग्राम संपत नाही! तो संपतो पोस्टक्विटमेसेजने: त्यामुळे रांगेत डब्ल्यूएम_क्विट येतो, गेटमेसेज शून्य परत करतं आणि लूप सुटतो.

शुद्ध विन३२ (विंडोजचा मूळ प्रोग्रामिंग इंटरफेस) लिहिणाऱ्यांच्या दोन चुका यातूनच येतात. एक, पोस्टक्विटमेसेज डब्ल्यूएम_क्लोजमध्येच लिहिणं. मग 'सेव्ह करायचं का?' असं विचारायला जागाच उरत नाही. दुसरी, दुय्यम विंडोच्या डब्ल्यूएम_डिस्ट्रॉयमध्ये ते लिहिणं. मग छोटी सेटिंग्जची विंडो बंद केली की सगळा प्रोग्राम जातो.

म्हणून कोड लिहिण्याआधी प्रत्येक विंडोसाठी ठरवा: बंद केल्यावर ती लपणार की मरणार, आणि तिच्या मरणाने प्रोग्राम संपणार का.

---

दुरुस्ती_पथक

कळफलक यांच्याशी सहमत. आता पहिल्या प्रश्नाचा कोड.

लॉगिन फॉर्मने मुख्य फॉर्म उघडू नये. लॉगिनचं काम उत्तर देणं, पुढे काय करायचं ते मेन पद्धतीने (प्रोग्राम जिथून सुरू होतो तिने) ठरवायचं.

– मेनमध्ये यूझिंगच्या (काम संपलं की ऑब्जेक्ट आपोआप डिस्पोज करणाऱ्या ब्लॉकच्या) आत लॉगिन फॉर्म तयार करा आणि शोडायलॉगने दाखवा.
– लॉगिनच्या बटणात पासवर्ड तपासा, बरोबर असेल तर नुसतं धिस.डायलॉगरिझल्ट = डायलॉगरिझल्ट.ओके. मोडल फॉर्मवर (जो मिटेपर्यंत बाकीच्या विंडो अडून राहतात) ही किंमत भरली की तो आपोआप बंद होतो, वेगळं क्लोज नको.
– मेनमध्ये परत आल्यावर उत्तर ओके नसेल तर सरळ रिटर्न. लूप सुरूच झालेला नाही, त्यामुळे मागे काही उरत नाही.
– ओके असेल तर अ‍ॅप्लिकेशन.रनला नवा मुख्य फॉर्म द्या.

एक खाच: बटणाची डायलॉगरिझल्ट प्रॉपर्टी डिझायनरमध्ये आधीच ओके ठेवलेली असेल, तर पासवर्ड चुकला तरी फॉर्म बंद होतो. ती नन ठेवा आणि तपासणीनंतर कोडमधून भरा.

'लॉगआउट करून पुन्हा लॉगिन' हवं असेल तर हाच भाग डू-व्हाइलमध्ये घाला. मुख्य फॉर्मवर लॉगआउटहवा नावाची बूलियन प्रॉपर्टी ठेवा. लॉगआउटच्या बटणात ती ट्रू करून क्लोज. रन परत आलं की मेनमध्ये ती वाचा, ट्रू असेल तर पुन्हा लॉगिन. एकाच थ्रेडवर एकामागून एक रन बोलवायला हरकत नाही, एकात एक मात्र नको. सेटकम्पॅटिबलटेक्स्टरेंडरिंगडीफॉल्ट ही ओळ लूपच्या बाहेर आणि पहिल्या विंडोच्या आधी हवी, नाहीतर दुसऱ्या फेरीत एक्सेप्शन येतं.

---

पायरी_पायरीने

यूझिंग कशाला? फॉर्म बंद झाला की डिस्पोज होतोच ना?

---

दुरुस्ती_पथक

शोने उघडलेला फॉर्म बंद केला की डिस्पोज होतो. शोडायलॉगने उघडलेला होत नाही, तो फक्त लपतो. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, कारण डायलॉग मिटल्यावर त्यातल्या टेक्स्टबॉक्समधली किंमत तुम्हाला वाचायची असते. म्हणून डिस्पोज करणं तुमच्याकडे येतं. दिवसभरात शेकडो वेळा उघडणाऱ्या डायलॉगला यूझिंग नसेल तर हँडल्स साचत जातात. टास्क मॅनेजरच्या तपशिलांत 'यूझर ऑब्जेक्ट्स' हा कॉलम चालू करून आकडा बघा, वाढतच गेला तर हेच कारण असण्याची शक्यता दाट. एका प्रोसेसला नेहमीच्या सेटिंगमध्ये असे १०,००० ऑब्जेक्ट मिळतात. त्यापुढे नवी विंडो तयारच होत नाही.

आणखी एक: मोडल चालू असताना त्याच फॉर्मला हाइड केलं तर शोडायलॉग तिथेच परत येतं आणि उत्तर कॅन्सल मिळतं. 'थोडा वेळ लपवून पुन्हा दाखवू' ही युक्ती मोडल फॉर्मवर चालत नाही.

---

कळफलक

दुसरा प्रश्न, ट्रे.

लोडमध्ये हाइड का चालत नाही? अ‍ॅप्लिकेशन.रन(फॉर्म) स्वतःच फॉर्मला व्हिजिबल करतं, आणि लोड इव्हेंट त्या दाखवण्याच्या प्रक्रियेच्या मधोमध येतो. तुम्ही लपवता, ती प्रक्रिया पुढे जाऊन दाखवते. कन्स्ट्रक्टरमध्ये तर लपवायला काही नसतंच. मिनिमाइझ करून शोइनटास्कबार फॉल्स करणं हा उपाय सर्रास सुचवला जातो, मला तो पसंत नाही. विंडो तयार होते, ऑल्ट-टॅबमध्ये डोकावू शकते, आणि शोइनटास्कबार नंतर बदललं की हँडल नव्याने बनतं.

खरे उपाय दोन.

पहिला, सेटव्हिजिबलकोअर ओव्हरराइड करणं. 'दाखवायचीपरवानगी' नावाचं फील्ड फॉल्स ठेवा. ते फॉल्स असेपर्यंत, येणारी किंमत काहीही असो, बेसला फॉल्स द्या. ट्रे आयकॉनवर डबल-क्लिक झालं की ते ट्रू करून शो. पण अशा फॉर्मचं हँडल तयार झालेलं नसतं आणि त्याचे परिणाम चटकन लक्षात येत नाहीत. लोड चालत नाही, म्हणजे लोडमध्ये लिहिलेली सगळी तयारी राहून जाते. दुसऱ्या थ्रेडवरून बिगिनइन्व्होक केलं तर 'हँडल तयार नाही' असं एक्सेप्शन येतं, आणि इन्व्होकरिक्वायर्ड खुशाल फॉल्स सांगतं. क्लोज बोलावलं तर हँडल नसल्यामुळे नुसतं डिस्पोज होतं. फॉर्मक्लोजिंग आणि फॉर्मक्लोज्ड येतच नाहीत. त्यामुळे त्याच ओव्हरराइडमध्ये, हँडल नसेल तर क्रिएटहँडल बोलवा.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: अ‍ॅप्लिकेशनकॉन्टेक्स्टवरून स्वतःचा क्लास काढा. त्यात नोटिफायआयकॉन आणि त्याचा मेनू ठेवा, आणि अ‍ॅप्लिकेशन.रनला फॉर्मऐवजी हा कॉन्टेक्स्ट द्या. मुख्य फॉर्म लागेल तेव्हा बनवा, मिटला की जाऊ द्या. प्रोग्रामचं आयुष्य आता ट्रे आयकॉनला बांधलेलं आहे, विंडोला नाही. मेनूतल्या 'बाहेर पडा'मध्ये आधी आयकॉनचं व्हिजिबल फॉल्स करून डिस्पोज, मग एक्झिटथ्रेड. आयकॉन डिस्पोज केला नाही तर त्याचं भूत ट्रेमध्ये राहतं आणि माउस वरून नेल्यावरच जातं.

---

दुरुस्ती_पथक

तिसरा प्रश्न सोपा आहे, पण त्यात एक फसवी जागा आहे.

फॉर्मक्लोजिंगमध्ये ई.क्लोजरीझन तपासा. युझरक्लोजिंग असेल तरच ई.कॅन्सल ट्रू आणि हाइड. विंडोजशटडाउन, टास्कमॅनेजरक्लोजिंग, अ‍ॅप्लिकेशनएक्झिटकॉल यांना आडवं जाऊ नका. तुमचं शटडाउन अडतंय कारण कोड सरसकट कॅन्सल करतोय.

फसवी जागा ही, की कोडमधून धिस.क्लोज बोलावलं तरी कारण युझरक्लोजिंगच येतं. म्हणजे 'बाहेर पडा' मेनूत क्लोज लिहिलंत तर विंडो पुन्हा ट्रेमध्ये जाईल. तिथे अ‍ॅप्लिकेशन.एक्झिट वापरा किंवा 'खरंचबंद' असं फ्लॅग आधी ट्रू करा. अ‍ॅप्लिकेशन.एक्झिट सगळ्या उघड्या फॉर्मना फॉर्मक्लोजिंग पाठवतं आणि एकानेही नकार दिला तर थांबतं. एन्व्हायर्नमेंट.एक्झिट मात्र फॉर्मक्लोजिंग पाठवत नाही, म्हणून न साठवलेलं काही असेल तर ते टाळाच.

शटडाउनच्या वेळी मेसेजबॉक्स दाखवू नका. माणूस कदाचित खुर्चीवरून उठून गेलेला असतो आणि विंडोज थांबायला तयार नसतं. ५ सेकंद मेसेज उचलले नाहीत की विंडोज त्या विंडोला 'प्रतिसाद देत नाही' असं धरतं. खरोखर वेळ हवाच असेल (समजा फाइल अर्धी लिहिली गेली आहे) तर शटडाउनब्लॉकरीझनक्रिएटने छोटं, नेमकं कारण द्या. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे, आणि ते वाक्य वापरणाऱ्याला शटडाउनच्या पडद्यावर दिसतं. काम झालं की शटडाउनब्लॉकरीझनडिस्ट्रॉय.

---

सुटसुटीत

चौथा प्रश्न. याच्यावर जरा थांबू या, कारण इथे डेटा जातो.

फॉर्मक्लोजिंगचा हँडलर असिंक व्हॉइड आहे. पहिल्या न संपलेल्या अवेटला पोहोचलात की हँडलर बोलावणाऱ्याकडे परत जातो. बोलावणारं फ्रेमवर्क त्याच क्षणी ई.कॅन्सल वाचतं. त्यात अजून फॉल्स आहे, म्हणून फॉर्म बंद. सर्व्हरचं उत्तर आल्यावर तुम्ही ट्रू लिहिता ते वाचायला कुणी उरलेलं नसतं.

म्हणून कॅन्सल पहिल्या अवेटच्या आधी, आणि काम झाल्यावर आपणहून पुन्हा क्लोज. त्यासाठी बूलियन पुरत नाही, तीन किमतींचा ईनम ठेवा: चालू, साठवतोय, तयार.

– स्थिती 'तयार' असेल: काहीच करू नका, बंद होऊ द्या.
– 'साठवतोय' असेल: कॅन्सल ट्रू आणि रिटर्न. माणसं उतावीळपणे फुली पुन्हा दाबतात, तेव्हा दुसरं सेव्ह सुरू व्हायला नको.
– 'चालू' असेल आणि न साठवलेलं काही नसेल: बंद होऊ द्या.
– 'चालू' असेल आणि काही बाकी असेल: कॅन्सल ट्रू, स्थिती 'साठवतोय', भरण्याचा पॅनल डिसेबल, स्टेटसबारमध्ये 'साठवत आहे…'. मग अवेट. यश आलं तर स्थिती 'तयार' आणि क्लोज. अपयश आलं तर स्थिती परत 'चालू', पॅनल एनेबल, आणि माणसाला विचारा: पुन्हा प्रयत्न, न साठवता बंद, की थांबायचं.

अवेटला कॅन्सलेशनटोकनने मुदत द्या. १० सेकंद हा माझा नेहमीचा आकडा. मुदत नसेल तर नेटवर्क गेल्यावर विंडो ना बंद होते ना वापरता येते. आणि ट्राय-कॅचमध्ये प्रत्येक वाटेवर स्थिती बदलली जाते ना, ते कोड वाचून तपासा. एक वाट सुटली की फॉर्म कायमचा 'साठवतोय'मध्ये अडकतो आणि टास्क मॅनेजरशिवाय बंद होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाशी याचा सांधा असा: हँडलरमध्ये सगळ्यात आधी क्लोजरीझन बघा. विंडोजशटडाउन असेल तर सर्व्हरचा नाद सोडा, नोंदी लगेच स्थानिक फाइलमध्ये, अवेट न करता लिहा, आणि पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू झाला की पाठवा. फुलीने ट्रेमध्ये जाणार असाल तर सेव्हची ही पायरी फुलीवर नाही, 'बाहेर पडा'वर येते. मेनूत फ्लॅग ट्रू करून क्लोज हीच वाट इथे सोयीची.

---

पायरी_पायरीने

अवेटऐवजी .वेट() किंवा .रिझल्ट वापरून तिथेच थांबलं तर? कोड किती सोपा होईल.

---

सुटसुटीत

अजिबात नको. यूआय थ्रेड (विंडो रंगवणारा आणि क्लिक घेणारा थ्रेड) .रिझल्टवर थांबतो. सेव्ह पद्धतीतल्या अवेटनंतरच्या ओळी चालायला तोच यूआय थ्रेड हवा असतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, विंडो पांढरी पडते. कॉन्फिगरअवेट(फॉल्स) सगळीकडे लावून ही गाठ सुटू शकते, पण एका जागी राहून गेलं की तेच. त्यात यूआय थ्रेड थांबलेला असल्यामुळे 'साठवत आहे' हा मजकूरसुद्धा रंगवला जात नाही.

---

चार_भिंती

डब्ल्यूपीएफवाल्यांसाठी (विंडो बनवण्याचं मायक्रोसॉफ्टचं दुसरं साधन) भर घालतो, कारण तिथे हेच प्रश्न वेगळ्या रूपात येतात.

डब्ल्यूपीएफमध्ये शटडाउनमोड तीन: ऑनलास्टविंडोक्लोज (न सांगता हाच असतो), ऑनमेनविंडोक्लोज, ऑनएक्सप्लिसिटशटडाउन. लॉगिन विंडो शोडायलॉगने दाखवून मिटवली, तर त्या क्षणी तीच 'शेवटची विंडो' ठरते आणि शटडाउन सुरू होतं. मुख्य विंडो दिसण्याआधीच अ‍ॅप जातं. शिवाय पहिली तयार झालेली विंडो आपोआप मेनविंडो मानली जाते, म्हणजे ऑनमेनविंडोक्लोज ठेवूनही लॉगिनच मुख्य ठरते.

क्रम असा ठेवा: अ‍ॅप.झामलमधून स्टार्टअपयूआरआय काढा. ऑनस्टार्टअपमध्ये शटडाउनमोड एक्सप्लिसिट करा. लॉगिन दाखवा, ट्रू आलं नाही तर शटडाउन बोलवून रिटर्न. ट्रू आलं तर मुख्य विंडो बनवा, मेनविंडोला ती द्या, शटडाउनमोड ऑनमेनविंडोक्लोज करा, मग शो.

आणि उलटी तक्रार, 'सगळ्या विंडो बंद केल्या तरी प्रोसेस जिवंत': डब्ल्यूपीएफमध्ये विंडो नुसती न्यू केली, दाखवली नाही, तरी ती अ‍ॅप्लिकेशन.विंडोज यादीत जाते. कुठल्यातरी कन्स्ट्रक्टरमध्ये आधीच बनवून ठेवलेली सेटिंग्जची विंडो 'शेवटची विंडो' कधी येऊच देत नाही.

बंद झालेली विंडो पुन्हा शो करता येत नाही, एक्सेप्शन येतं. पुन्हा तीच हवी असेल तर तिच्या क्लोजिंगमध्ये कॅन्सल करून हाइड, नाहीतर दर वेळी नवी.

सुटसुटीत यांची तीन स्थितींची रीत इथेही चालते, एका फरकाने. क्लोजिंग चालू असताना क्लोज बोलावलं तर डब्ल्यूपीएफ एक्सेप्शन फेकतं. सेव्ह खरोखर असिंक चाललं तर तोवर क्लोजिंग संपलेलं असतं आणि अडचण येत नाही. पण कधी सेव्ह तत्काळ पुरं होतं (कॅशमुळे, किंवा पाठवायला काहीच नसल्याने), अवेट थांबतच नाही आणि तुम्ही अजून क्लोजिंगच्या आतच असता. चाचणीत चालणारं आणि वापरात कधीतरीच पडणारं कोड ते हेच! शेवटचं क्लोज डिस्पॅचरच्या बिगिनइन्व्होकने पाठवा, म्हणजे ते नेहमी बाहेर पडल्यावरच चालेल.

---

मधली_कळ

मोडल डायलॉगबद्दल विचारायचं होतं. मोठं काम चालू असताना 'कृपया थांबा' अशी विंडो दाखवायची आहे. शोडायलॉगनंतरच्या ओळीत काम सुरू करते, पण विंडो बंद केल्याशिवाय ती ओळ येतच नाही. शो वापरलं तर विंडो पांढरी.

---

कळफलक

@मधली_कळ, शोडायलॉग तिथेच अडकून राहणारच, ते त्याचं काम आहे. काम त्या विंडोच्या शोन इव्हेंटमध्ये सुरू करा. लोड विंडो दिसण्याआधी येतो, शोन दिसल्यावर. शोनचा हँडलर असिंक करा, आत टास्क.रन अवेट करा, आणि झाल्यावर डायलॉगरिझल्ट भरा. शोने पांढरी दिसते कारण त्यानंतर यूआय थ्रेड तुमच्या कामात गुंततो आणि रंगवायला मोकळा नसतो. डूइव्हेंट्स घालून ती रंगवता येते, पण मग कामाच्या मधोमध माणूस फुली दाबू शकतो, तेच बटण पुन्हा दाबू शकतो, आणि तुमचा कोड स्वतःच्याच पोटात पुन्हा शिरतो. डूइव्हेंट्स वापरू नका.

अशा विंडोच्या फुलीचं काय करायचं तेही ठरवा. फुली म्हणजे 'काम रद्द' असेल तर फॉर्मक्लोजिंगमध्ये कॅन्सल ट्रू, टोकनला रद्द करण्याची सूचना, आणि काम खरंच थांबल्यावर बंद. काम मागे चालू ठेवून विंडो मिटू दिली तर ते काम संपल्यावर मेलेल्या फॉर्मला हात लावतं आणि ऑब्जेक्टडिस्पोज्डएक्सेप्शन येतं.

काम कधी पाव सेकंदात संपतं, कधी मिनिटभर चालतं? मग विंडो लगेच दाखवू नका. अर्धा सेकंद वाट बघा, तोवर संपलं नाही तर दाखवा. दाखवल्यावर किमान तेवढाच वेळ ठेवा. लुकलुकणारी विंडो बघून माणसाला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

---

दुरुस्ती_पथक

त्यात ओनर विसरू नका: शोडायलॉग(धिस), शो(धिस). ओनर दिला की ती विंडो नेहमी मालक विंडोच्या वर राहते, तिच्याबरोबर मिनिमाइझ होते, तिच्याबरोबर बंद होते. ओनर नसेल तर डायलॉग कधीकधी मुख्य विंडोच्या मागे जातो, मुख्य विंडो क्लिक घेत नाही, आणि 'अ‍ॅप हँग झालं' अशी तक्रार येते. प्रत्यक्षात काही हँग झालेलं नसतं, उत्तर मागणारी विंडो मागे लपलेली असते.

विन३२मध्ये हाताने मोडल बनवत असाल तर मिटवताना क्रम पाळा: आधी मालक विंडो एनेबल, मग डायलॉग नष्ट. उलट केलंत तर डायलॉग गेल्या क्षणी मालक डिसेबल असतो, विंडोजला सक्रिय करायला तुमची विंडो सापडत नाही, आणि भलत्याच प्रोग्रामची विंडो पुढे येते. डायलॉगबॉक्सने बनवलेल्या मोडलला डिस्ट्रॉयविंडो नाही, एंडडायलॉग.

आणि 'रद्द' बटणाच्या कॉझेसव्हॅलिडेशनला फॉल्स करा. एखाद्या टेक्स्टबॉक्सचा व्हॅलिडेटिंग इव्हेंट अडवत असेल तर फॉर्मक्लोजिंगमध्ये ई.कॅन्सल आधीच ट्रू होऊन येतं, आणि फुली का चालत नाही ते कळत नाही. न साठवता बंद होऊ द्यायचं असेल तिथे ई.कॅन्सल फॉल्स असं स्पष्ट लिहा.

---

आडवी_रेघ

पायथन आणि क्यूटी (विंडो बनवण्याची लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी: बटणाच्या पद्धतीत दुसरी विंडो बनवून शो केली, ती चमकून नाहीशी झाली, तर दोष क्यूटीचा नाही. विंडो लोकल व्हेरिएबलमध्ये आहे. पद्धत संपली की पायथन ते ऑब्जेक्ट साफ करतं आणि विंडो त्याच्याबरोबर जाते. सेल्फ.दुसरी असं धरून ठेवा.

क्यूटीत शेवटची विंडो बंद झाली की अ‍ॅप संपतं. ट्रेवालं अ‍ॅप असेल तर सेटक्विटऑनलास्टविंडोक्लोज्ड फॉल्स करा. क्लोज म्हणजे क्यूटीत मुळात लपवणंच. ऑब्जेक्ट मरावं असं वाटत असेल तर डब्ल्यूए_डिलीटऑनक्लोज लावा, पण सी प्लस प्लसमध्ये ती विंडो स्टॅकवर बनवलेली नको, दोनदा डिलीट होऊन क्रॅश होतो. 'सेव्ह करायचं का' हे क्लोजइव्हेंटमध्ये विचारा आणि इग्नोर किंवा अ‍ॅक्सेप्ट करा. क्यूडायलॉगमध्ये एस्केप दाबलं की रिजेक्ट बोलावलं जातं आणि त्या वाटेने आलेला क्लोज इव्हेंट इग्नोर करून अडवता येत नाही. त्यामुळे तिथे रिजेक्टसुद्धा ओव्हरराइड करायला हवं.

टीकेइंटरमध्ये फुली पकडायला प्रोटोकॉल('डब्ल्यूएम_डिलीट_विंडो', फंक्शन). हँडलर लावलात की बंद करणं तुमच्याकडे, डिस्ट्रॉय स्वतः बोलवायचं. क्विटने फक्त मेनलूप सुटतो, विंडो तशाच राहतात. लपवायला विथड्रॉ, परत आणायला डीआयकॉनिफाय. टॉपलेव्हल मोडल करताना ग्रॅब_सेट विंडो दिसण्याआधी बोलावलं तर 'ग्रॅब फेल्ड: विंडो नॉट व्ह्यूएबल' येऊ शकतं, आधी वेट_व्हिजिबिलिटी करा.

जावा स्विंगमध्ये जेफ्रेमची फुली न सांगता फक्त हाइड करते, म्हणून जेव्हीएम मागे चालू राहतं. विचारून बंद करायचं असेल तर डू_नथिंग_ऑन_क्लोज ठेवा आणि विंडोक्लोजिंगमध्ये ठरवा. विंडोक्लोज्ड हा इव्हेंट डिस्पोज झाल्यावरच येतो, नुसत्या लपवण्याने नाही. जावाएफएक्समध्ये सेटऑनक्लोजरिक्वेस्टमध्ये इव्हेंट कन्झ्यूम करा, कोडमधून स्टेज.क्लोज केलं तर मात्र तो हँडलर चालत नाही.

मॅकवर शेवटची विंडो बंद झाली तरी अ‍ॅप चालू राहणं हीच तिथली रीत आहे. तिथे परफॉर्मक्लोज विंडोशुडक्लोजला विचारतं, नुसतं क्लोज विचारत नाही.

---

रिकामी_चौकट

सगळ्यांचे आभार. लॉगिन मेनमध्ये नेलं, कॉन्टेक्स्ट वापरला, तीन स्थिती लावल्या. चारही गोष्टी जशा हव्यात तशा चालतात. दोन गोष्टी उरल्या. विंडोची जागा फॉर्मक्लोजिंगमध्ये साठवतो, पण कधीकधी पुढच्या वेळी विंडो दिसतच नाही, टास्कबारवर मात्र असते. आणि 'बाहेर पडा' केल्यावर सगळ्या विंडो जातात, आयकॉन जातो, तरी क्वचित प्रोसेस उरते.

---

कळफलक

पहिलं: साठवलेली किंमत उघडून बघा, डावा आणि वरचा आकडा −३२००० असेल. मिनिमाइझ केलेली विंडो विंडोज तिथे नेऊन ठेवतं. विंडोस्टेट नॉर्मल नसेल तेव्हा लोकेशनऐवजी रीस्टोअरबाउंड्स साठवा. परत लावताना स्टार्टपोझिशन मॅन्युअल हवं, तेही शोच्या आधी. आणि तो चौकोन स्क्रीन.ऑलस्क्रीन्सपैकी एखाद्याच्या वर्किंगएरियाला छेदतो का ते तपासा. दुसरा मॉनिटर काढलेला असेल तर विंडो रिकाम्या जागेत उघडते. छेद नसेल तर मुख्य स्क्रीनच्या मध्यावर.

दुसरं: मेसेज लूप संपला तरी फोरग्राउंड थ्रेड चालू असेल तर प्रोसेस संपत नाही. न्यू थ्रेडने बनवलेला थ्रेड न सांगता फोरग्राउंड असतो. टास्क.रनचे थ्रेड बॅकग्राउंड असतात, त्यांचा प्रश्न नाही. डीबगरमध्ये प्रोसेसला अ‍ॅटॅच करून थ्रेड्सची यादी बघा, उरलेला कोण ते नावानिशी दिसेल. नाव दिसायला थ्रेड बनवताना नेम भरलेलं हवं.

---

सुटसुटीत

त्या थ्रेडला इजबॅकग्राउंड ट्रू करून मोकळं व्हायच्या आधी तो काय करतो ते बघा. फाइल लिहीत असेल तर बॅकग्राउंड केल्यावर तो मध्येच कापला जाईल आणि फाइल अर्धवट राहील. तिथे थांबण्याचं टोकन द्या, आणि मेनमध्ये अ‍ॅप्लिकेशन.रनच्या पुढच्या ओळीत जॉइन(५०००) लिहा. जॉइनने फॉल्स दिलं तर लॉगमध्ये नोंद करा. तोवर विंडो गेलेली असते, त्यामुळे माणसाला ते ५ सेकंद जाणवत नाहीत. त्या थ्रेडमधून बंद झालेल्या फॉर्मवर इन्व्होक मात्र कुठेही राहू देऊ नका. यूआय थ्रेड जॉइनवर थांबलेला असताना इन्व्होक आलं तर पुन्हा तीच एकमेकांची वाट बघण्याची गाठ पडते.